प्रश्न क्रमांक ४

मार्केट रिसर्च परिषदेच्या पुरस्कारांसाठी ज्युरीवर येणार का, असं विचारणारा मेल आला तेव्हा आधी मला हायसं वाटलं. ज्युरीवरच्या माणसाला त्या वर्षी स्वतःची प्रवेशिका पाठवता येत नाही. म्हणजे यंदा रात्री जागून ती लिहिण्यातून सुटका! मार्केट रिसर्चमध्ये मला वीसेक वर्षं झाली. तेवढ्या काळात आमच्या परिषदेच्या पुरस्कारासाठी मी चार वेळा प्रवेशिका लिहिली. एकदा शॉर्टलिस्टपर्यंत पोचलो, बाकी तीन वेळा सहभागाबद्दल आभार मानून आम्हाला घरी पाठवण्यात आलं. त्यामुळे होकार देताना मनात एक चोरटा हिशेब होताच. आपलं नेमकं कुठे चुकतं ते एकदा आतून तर बघू.

आमच्या धंद्यात बक्षिसांची परंपरा तशी जुनी आहे. कर्टिस पब्लिशिंग या अमेरिकन प्रकाशन कंपनीने १९११ साली चार्ल्स कूलिज पार्लिन नावाच्या माणसाला बाजारपेठेचा अभ्यास करायला नेमलं. मार्केट रिसर्चचा पहिला व्यावसायिक विभाग म्हणून त्याच्याच विभागाचं नाव घेतात. डबाबंद सूप नक्की कोण घेतं हे सिद्ध करण्यासाठी पार्लिनने म्हणे घराघरांतला कचरा तपासून रिकामे डबे मोजले होते. पुढे १९४५ मध्ये त्याच्या नावाने पुरस्कारही सुरू झाला. ही गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगते, पण ज्युरीचे कागद हातात आल्यावर तिच्याकडे पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने पाहिलं. पार्लिनने तो कचरा आमच्या प्रवेशिकेच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात भरला असता?

कागद बरेच होते. पहिला हितसंबंध जाहीर करण्याचा: कुठल्या एजन्सीत काम केलंय, कुठल्या क्लायंटचं काम सध्या हातात आहे, नात्यातलं कोण कुठे आहे. आमच्याच संस्थेच्या दोन प्रवेशिका होत्या, त्या दोन्हींतून मी बाहेर. चर्चेच्या वेळी खोलीतूनही बाहेर. दुसरा कागद गोपनीयतेचा. तो मात्र आमच्या हाडामांसात भिनलेला विषय आहे. मार्केट रिसर्चवाल्यांच्या एसोमार या संघटनेने पहिली आचारसंहिता १९४८ मध्ये काढली. १९७७ पासून ती आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सबरोबर संयुक्तपणे निघते. उत्तर देणाऱ्याची ओळख फोडायची नाही आणि क्लायंटचं काम त्याच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. पुरस्कारात त्याचा परिणाम असा होतो की उत्तम कामांतली निम्मी कामं प्रवेशिका म्हणून येतच नाहीत, कारण क्लायंट नको म्हणतो. जी येतात त्यांत ‘एका आघाडीच्या कंपनीने’ अशी वाक्यं असतात. वाचणारा मग पहिली पाच मिनिटं ती कंपनी ओळखण्यात घालवतो. मीही घालवली.

एजन्सीची नावंही झाकलेली होती. पण एखाद्या संस्थेचा निळा-नारिंगी स्टॅक्ड बार चार्ट ओळखायला नाव कशाला लागतं?

गुण १०० पैकी द्यायचे होते. समस्येची मांडणी १५, पद्धत २५, त्यातून काय कळलं याला २०, परिणाम ३०, सादरीकरण १०. प्रत्येक भागाला फॉर्ममध्ये एक प्रश्न आणि उत्तरासाठी तीनशे शब्द. परिणामाचा प्रश्न चौथा: ‘तुमच्या संशोधनामुळे क्लायंटच्या व्यवसायात किती वाढ झाली? शक्यतो आकड्यांत सांगा.’ सगळ्यात जास्त गुण याच प्रश्नाला होते, म्हणून सगळ्यात जास्त मेहनतही त्याच्याच उत्तरावर घेतलेली दिसत होती. तो प्रश्न मी प्रवेशिका भरताना चार वेळा वाचला होता. ज्युरी म्हणून आणखी चोवीस वेळा वाचला. त्यात काही खटकलं नाही.

एकूण सव्वीस प्रवेशिका, सात परीक्षक. शनिवार-रविवार मोकळा ठेवून बसले आणि क्रमांक एकपासून सुरुवात केली. नवव्या प्रवेशिकेपर्यंत आल्यावर हात थांबला. आपण हे काय करतोय? प्रश्नावलीत दहा ब्रँडची यादी असेल तर ती प्रत्येक उत्तरदात्याला वेगळ्या क्रमाने दाखवायची, नाहीतर वरच्या नावांना फुकटचा फायदा होतो. यावरून मी लोकांना किती प्रश्नावल्या परत पाठवल्या असतील! आणि स्वतः मात्र एक, दोन, तीन, चार. पहिल्या प्रवेशिकेला मी ६८ दिले होते, कारण तेव्हा पुढे काय येणार याचा अंदाज नव्हता. नववी तिच्याहून कच्ची होती आणि तिला ७१. मग चिठ्ठ्या टाकल्या, नवा क्रम लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. रविवार त्यातच गेला.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती जास्त लाजिरवाणी होती. गुणांचा तक्ता एका शीटमध्ये मांडला तर मी दिलेल्या गुणांतले बहुतेक गुण ५५ ते ७५ च्या पट्ट्यात. काही उत्तरदाते सात पॉइंटच्या स्केलवर चार-पाचच्या बाहेर जातच नाहीत. त्यांच्या नावाने आम्ही बोटं मोडतो, आणि मी त्यातलीच निघाले. शिवाय ज्या प्रवेशिकेची भाषा सफाईदार तिला माझ्याकडून पद्धतीतही दोन-चार गुण जास्त. १९२० साली मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात हेच दाखवलं होतं. माणसाच्या एका गुणाची छाप पडली की त्याचे बाकीचे गुणही तिच्या उजेडात दिसायला लागतात. आम्ही याला हॅलो इफेक्ट (हॅलो म्हणजे तेजोवलय) म्हणतो, ट्रेनिंगमध्ये त्यावर स्लाइड असते. ती स्लाइड मीच केलेली आहे.

प्रवेशिकांबद्दल बोलायचं तर पाच-सहा खरोखर चांगल्या होत्या, दहाएक बऱ्या आणि उरलेल्यांत संशोधनापेक्षा विक्रीचा सूर जास्त. एकीत जाहिरातीनंतर तरुण ग्राहकांमध्ये ब्रँडची ओळख ४२ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेली, असं ठळक अक्षरांत होतं. बेस, म्हणजे ही टक्केवारी किती माणसांवरून काढली तो आकडा, शोधला. तो तळाशी बारीक टाइपात सापडला: दोन्ही वेळा छत्तीस माणसं. म्हणजे पंधराची एकोणीस झाली. चार माणसं! छत्तीसच्या नमुन्यावर ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर चूक साधारण सोळा टक्क्यांपर्यंत इकडची तिकडे होऊ शकते. हजाराच्या नमुन्यावर ती तीनच्या आसपास असते. हे लिहिणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याला चौथ्या प्रश्नात आकडा हवा होता, आणि हाताशी हाच होता.

दुसऱ्या एकीने १ लाख २० हजार लोकांची मतं घेतल्याचं पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. ही सगळी माणसं कंपनीच्याच ॲपवर आपणहून आलेली. ज्युरीत आमच्याबरोबर एक संख्याशास्त्रवाले सर होते, त्यांनी या प्रवेशिकेवर फक्त ‘लिटररी डायजेस्ट’ एवढाच शेरा मारला. ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी सांगते. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांच्या जोरावर त्यांनी लँडनना विजयी घोषित केलं. जिंकले रूझवेल्ट, तेही साठ टक्क्यांहून जास्त मतं मिळवून. त्याहून कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या, जनमत चाचण्या करणाऱ्या जॉर्ज गॅलपचा निकाल बरोबर आला. आमच्या धंद्याची निम्मी अब्रू या एका प्रसंगावर उभी आहे. तरीही दरवर्षी कुणीतरी मोठ्या आकड्याने छाती फुगवून येतंच.

आता ती प्रवेशिका. माझ्या दुसऱ्या क्रमात ती सतरावी आली. घर पुसायच्या द्रवाची एक कंपनी. त्यांना स्प्रेची बाटली एकदाच विकायची होती आणि नंतर फक्त रिफिलची पिशवी. कल्पना लोकांपुढे ठेवली तेव्हा ती सगळ्यांना आवडली. प्लास्टिक कमी, पैसे कमी, नाही कोण म्हणेल? कंपनी लाँचची तारीख ठरवून मोकळी झाली होती. एजन्सीने तरीही आग्रह धरून वस्तू घरोघरी सहा आठवडे वापरायला दिली आणि मुलाखतकर्त्या तीन-तीनदा भेटी देऊन आल्या. डायरीत प्रश्न होता, ‘या आठवड्यात रिफिल केलं का?’ जवळजवळ सगळ्यांची उत्तरं ‘हो’. टेबल्स काढली असती तर हिरवा कंदीलच होता.

पण दुसऱ्या भेटीच्या कागदांत एका मुलाखतकर्तीने समासात पेनाने लिहून ठेवलं होतं: ‘बाटली इस्त्रीच्या पाण्यासाठी. पिशवीचा कोपरा कापून थेट फडक्यावर ओततात. विचारलं की हो म्हणतात.’ सुपरवायझरने तो कागद बाजूला काढला, आणि तिसऱ्या भेटीत सगळ्यांना बाटली दाखवायला सांगितली. बहुतेक घरांत बाटलीत साधं पाणी निघालं. पिशवीतून थेट ओतल्यामुळे द्रव गरजेपेक्षा जास्त पडत होता, लवकर संपत होता, आणि ‘हे महागात पडतं’ असं मत तयार होत होतं. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने पिशवी उघडली म्हणजेच रिफिल केलं. एजन्सीने क्लायंटला सांगितलं, या रूपात बाजारात आणू नका.

चौथ्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तीनशे शब्दांचं नव्हतं. एकच ओळ होती: ‘लाँच रद्द करण्यात आला.’

मी दहापैकी तीन दिले. तीसच्या हिशेबात नऊ. माझ्या टिपणात लिहिलेलं आजही आहे: ‘काम सुंदर. परिणाम दिसत नाही. आकडे नाहीत.’

पहिल्या फेरीच्या बैठकीत संख्याशास्त्रवाल्या सरांनी सगळ्यांचे गुण प्रमाणित करून आणले होते. परीक्षक कुणी सढळ असतो, कुणी हात आखडता घेणारा. प्रत्येकाच्या गुणांची सरासरी आणि विखुरणं सारख्या पातळीवर आणलं की सढळ परीक्षकाच्या वाट्याला आलेल्याला उगाच फायदा मिळत नाही. इथवर ठीक. पण त्यांनी आणखी एक उद्योग केला होता. ज्या प्रवेशिका सातही जणांनी वाचल्या होत्या तेवढ्यांपुरता त्यांनी केंडॉलचा डब्ल्यू काढला. परीक्षकांच्या क्रमवारीत एकमत किती आहे, हे त्यावरून कळतं. सगळ्यांची क्रमवारी तंतोतंत जुळली तर एक, काहीच मेळ नसेल तर शून्य. आमचा आला ०.३१.

“हा डेटा फील्डवरून आला असता,” सर म्हणाले, “तर मी परत पाठवला असता.”

सगळे हसले, पण कुणी फार वेळ हसलं नाही.

नियमाप्रमाणे पहिल्या सहा प्रवेशिका पुढे जाणार होत्या. रिफिलवाली सातवी होती. सहावीत आणि तिच्यात अगदी किरकोळ अंतर होतं. माझ्या तीनच्या जागी पाच असते तर चित्र उलटं झालं असतं, हे मी टेबलाखाली फोनवर मोजून पाहिलं. ही गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही.

तिची बाजू मी घेतली असती तर ही गोष्ट जास्त शोभून दिसली असती. पण विषय काढला तो क्लायंटकडून आलेल्या एका परीक्षकबाईंनी. त्या म्हणाल्या, १९८५ साली कोका-कोलाने नवी चव आणायच्या आधी दोन लाखांच्या आसपास लोकांना चव देऊन पाहिली होती. चव लोकांना आवडली. २३ एप्रिलला घोषणा झाली आणि लोकांच्या संतापापुढे ११ जुलैला जुनी चव परत आणावी लागली. एकोणऐंशी दिवस. “आता समजा, मार्चमध्ये एखाद्या रिसर्चरने उभं राहून सांगितलं असतं की तुम्ही फक्त चव विचारलीत, जुनं काढून घेतलं तर कसं वाटेल हे नीट विचारलंच नाही, आणि कंपनीने ऐकलं असतं. त्याने आपल्या फॉर्ममध्ये चौथ्या प्रश्नाखाली काय लिहिलं असतं?”

यावर बरीच वादावादी झाली. जाहिरातक्षेत्रातून आलेल्या एका परीक्षकांचं म्हणणं होतं की पुरस्काराला पुरावा हवाच. जाहिरातक्षेत्रातला दिग्गज डेव्हिड ओगिल्वी स्वतः तरुणपणी गॅलपकडे सर्वेक्षणाचं काम करत होता. त्याच्या नावाने जाहिरातीमागच्या संशोधनाला जे पुरस्कार देतात, त्यांतही मोहिमेचं यश पाहतातच की. घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, आम्ही अमुक संकट टाळलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्या अध्यक्षबाई एरवी कमी बोलतात. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आपण कामाला बक्षीस देतोय की निकालाला? चांगलं संशोधन करूनही वस्तू पडू शकते, आणि वाईट संशोधन करूनही खपू शकते.” मग त्यांनी पीटर व्हान वेस्टेनडॉर्पचं नाव काढलं. १९७६ मध्ये व्हेनिसला झालेल्या एसोमारच्या परिषदेत या डच अर्थतज्ज्ञाने किमतीबद्दल चार साधे प्रश्न मांडले: कुठल्या किमतीला ही वस्तू इतकी महाग वाटेल की घेणारच नाही, कुठे महाग पण विचार करण्याजोगी, कुठे फायद्याची आणि कुठे इतकी स्वस्त की दर्जाबद्दल शंका यावी. ते चार प्रश्न आजही जगभर प्रश्नावल्यांत जातात. “व्हेनिसला त्या दिवशी त्याला विचारलं असतं, वाढ किती झाली, तर तो काय सांगणार होता?”

एक जागा वाढवण्याचा अधिकार अध्यक्षांना होता. सात जणांना बोलवायचं ठरलं.

प्रत्यक्ष सादरीकरणाला प्रत्येकी बारा मिनिटं आणि नंतर आठ मिनिटं आमचे प्रश्न. या भागाबद्दल एवढंच सांगते की लिखित प्रवेशिका आणि बोलणारा माणूस या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. कागदावर पहिल्या आलेल्या टीमच्या प्रमुखाला मी विचारलं, नमुन्यातून कोण सुटलं असावं असं तुम्हाला वाटतं? त्यांनी मागे वळून टीमकडे पाहिलं. टीमने एकमेकांकडे पाहिलं. फील्डवर गेलेलं त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

चौथं सादरीकरण औषधांवरच्या एका अभ्यासाचं होतं. दीर्घकाळ घ्यायची औषधं लोक मध्येच का सोडतात, हा विषय. सादर करणारी मुलगी तिशीचीही नसेल. तिच्या डेकमध्ये स्लाइड जेमतेम सहा होत्या. ती म्हणाली, पहिल्या फेरीत आमचा निष्कर्ष होता की लोक विसरतात, आणि त्यावर उपाय म्हणून आठवणीचे मेसेज. मेसेज सुरू झाले, पण फरक पडला नाही. मग आम्ही आमचीच प्रश्नावली पुन्हा उघडली. त्यात विचारलं होतं, ‘गेल्या महिन्यात तुम्ही गोळी घ्यायला किती वेळा विसरलात?’

“आम्हीच त्यांच्या तोंडात उत्तर घातलं होतं,” ती म्हणाली. “न घेणं म्हणजे विसरणं, हे आम्ही आधीच ठरवून टाकलेलं. कुणी ठरवून सोडली असेल तर त्याला ते सांगायला जागाच नव्हती. मग तो बिचारा ‘चारदा विसरलो’ म्हणायचा.”

दुसऱ्या फेरीत त्यांनी प्रश्न बदलला आणि औषधाच्या दुकानांतल्या खरेदीच्या नोंदी जोडीला घेतल्या. बरं वाटायला लागलं की बरेच जण जाणूनबुजून गोळ्या थांबवत होते. उपचार करणाऱ्यांनी मेसेजऐवजी तिसऱ्या आठवड्यात एक प्रत्यक्ष संभाषण ठेवलं. क्लायंटचं पत्र सोबत जोडलेलं होतं, आकडे होते, बेस होता, आणि जिथे खात्री नव्हती तिथे ‘खात्री नाही’ असं लिहिलेलं होतं.

ती बोलत असताना माझ्यासमोर गुणांचा कागद होता आणि त्यावर आमचे पाच प्रश्न छापलेले. मी चौथा वाचला. ‘तुमच्या संशोधनामुळे क्लायंटच्या व्यवसायात किती वाढ झाली?’ परिणाम म्हणजे वाढ, असं आम्हीही आधीच ठरवून टाकलं होतं. ज्याने काही थांबवलं त्याला ते सांगायला जागाच नाही. ज्युनिअरने असा प्रश्न लिहून आणला असता तर मी लाल पेनाने ‘लीडिंग!’, म्हणजे उत्तर सुचवणारा, असं लिहून परत दिला असता. आणि हा प्रश्न मी इतकी वर्षं, एकदा नव्हे दोनदा नव्हे, तब्बल अठ्ठावीस वेळा वाचून मान डोलावली होती. बाजूला बसलेल्या सरांकडे तो कागद सरकवला आणि प्रश्नाखाली बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि पुटपुटले, “हा कुणी लिहिला?” उत्तर आम्हाला दोघांनाही माहीत होतं. कुणीच लिहिला नव्हता. दरवर्षी आदल्या वर्षीचा फॉर्म कॉपी होत आला होता.

रिफिलवाल्यांचं सादरीकरण सहावं होतं. काम कागदावर होतं तेवढंच चांगलं होतं, पण त्याहून जास्त नव्हतं. समासातल्या त्या ओळीनंतर पुढचा प्रवास त्यांना नीट मांडता आला नाही. बाटलीच्या जागी दुसरं काही करून पाहता आलं असतं का, या प्रश्नावर ते अडखळले.

अंतिम निवडीला आम्ही बोर्डाची रीत वापरली. प्रत्येकाने सातांचा क्रम लावायचा, पहिल्याला सात गुण, शेवटच्याला एक, आणि बेरीज. फ्रेंच गणिती बोर्डा यांनी ही पद्धत १७७० मध्ये मांडली होती. तिच्यातल्या खोडीही तेव्हापासूनच ठाऊक आहेत. प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकून आपला माणूस वर आणता येतो. आमच्यात तसं कुणी केलं नसावं. औषधवाली टीम स्पष्ट पहिली आली. माझाही पहिला क्रमांक तिलाच होता. रिफिलवाले तिसरे आले, ट्रॉफी दोनच होत्या. अध्यक्षबाईंनी त्यांना विशेष उल्लेखाचं प्रमाणपत्र द्यायचं सुचवलं आणि या वेळी कुणी वाद घातला नाही.

मग अभिप्राय लिहायचे होते. न जिंकलेल्या प्रत्येक टीमला अर्धं पान. हे काम सगळ्यांत अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वाट्याला पाच आले. छत्तीस बेसवाल्या प्रवेशिकेला मी तीनदा लिहिलं. पहिला मसुदा टोचणारा होता, दुसरा इतका गुळगुळीत की काहीच सांगत नव्हता. शेवटी लिहिलं की ही वाढ चार माणसांची आहे, आणि तुमच्या प्रवेशिकेत पान तीनवर जे खोल मुलाखतींचं काम आहे ते या आकड्याच्या सावलीत झाकलं गेलंय. ते पुढे आणलं असतं तर मी जास्त गुण दिले असते. हे खरं होतं. पण तो आकडा त्यांनी पुढे का आणला हेही मला ठाऊक होतं. ते काही पत्रात लिहिलं नाही.

समारंभ परिषदेच्या शेवटच्या संध्याकाळी झाला. दिवे, संगीत, मंचावर प्रत्येक टीममधून दोघांनाच यायची मुभा. प्रमाणपत्रावर ‘रिफिल’ हा शब्द चुकून ‘रिफील’ असा छापला गेला होता. औषधवाल्या मुलीने ट्रॉफी घेतली, माइकपाशी गेली, आणि ज्यांना ‘चारदा विसरलो’ असं म्हणायला लावलं त्या लोकांची माफी मागून खाली आली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे क्षणभर सभागृहाला कळेना.

मंचावरून उतरलेल्या रिफिल टीमच्या प्रमुखांना मी मागच्या रांगेत गाठलं. समासात लिहिणाऱ्या मुलाखतकर्तीचं काय, आली आहे का ती?

ते जरा ओशाळले. फील्डची माणसं प्रोजेक्टपुरती घेतलेली असतात. ती आता दुसऱ्या एजन्सीच्या कामावर होती. शॉर्टलिस्टची बातमी आल्यावर त्यांनी तिला आवर्जून फोन केला होता. “तिला आठवेच ना,” ते म्हणाले. “ती म्हणाली, सर, कुठलं काम? साबणाचं का? मी सांगितलं, बाटलीबद्दल तू समासात लिहिलं होतंस बघ. तर म्हणाली, मी तर नेहमीच लिहिते, कुणी वाचत नाही म्हणून हल्ली कमी केलंय.”

प्रमाणपत्राची एक प्रत तिच्या नावाने काढता येईल का, असं मी संयोजकांना विचारलं. येते, म्हणाले. फक्त नाव प्रवेशिकेत असायला हवं. प्रवेशिकेत ‘एक मुलाखतकर्ती’ एवढंच होतं, कारण नावं झाकायचा नियम. त्यावर तीन मेल झाले आणि अखेर प्रत निघाली.

ज्युरीचं काम तिथे संपायला हवं होतं. पण अध्यक्षबाईंनी आढावा बैठकीत विचारलं, फॉर्मबद्दल कुणाला काही म्हणायचंय का, आणि सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता तो चौथा प्रश्न माझ्या गळ्यात आहे. पहिला मसुदा मी असा केला: ‘तुमच्या संशोधनामुळे कोणता निर्णय बदलला किंवा टळला, आधी काय ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं?’ सरांनी तो अर्ध्या तासात परत पाठवला. एका प्रश्नात तीन प्रश्न. बरोबरच होतं. मग ४ अ, ४ ब, ४ क असे तुकडे केले. सोबत एक ओळ घातली, की या कामात फील्डवरच्या कुणी काही वेगळं पाहिलं असेल तर त्याचं नाव वेगळ्या बंद पाकिटात द्या.

पाठवण्याआधी पायलट केला. ओळखीतल्या तिघांना फॉर्म दिला आणि त्यांच्याच गेल्या वर्षीच्या एखाद्या कामावर भरायला सांगितलं. पहिल्याने ४ अ खाली सवयीने विक्रीतली टक्केवारी लिहिली. दुसऱ्याने ४ ब कोरा सोडला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, आधी काय ठरलं होतं हे क्लायंट आम्हाला सांगतोच कुठे? तिसरीने भरण्याआधी फोन केला. ‘टळला’ म्हणजे कायमचा, की पुढे ढकलला तरी चालेल?

मी ‘टळला’ खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.